डिस्कवर नवी, पोटात जुनी

नवतपातली दुपार. कूलरमध्ये पाणी टाकून नुकताच आडवा झालो होतो, तेवढ्यात मित्राचा फोन. "अबे, लायब्ररी बदलून दोन दिवस झाले. तरी हा जुनाच हिशेब करून रायला. काऊन?"

'हा' म्हणजे सी भाषेत लिहिलेला एक प्रोग्राम. वजनकाट्यांवरून येणारे आकडे गोळा करून बेरीज मांडायची, एवढंच त्याचं काम, आणि ते तो दीड महिना न थांबता करत होता. आकडे गोल करतानाची एक चूक ज्या लायब्ररीत होती, तिची दुरुस्त फाईल मित्राने जुनीच्या जागी आणून ठेवली होती. फाईलचं नाव तेच, तारीख नवी. चूक जशीच्या तशी.

"फाईल काय पाहून रायला," मी म्हटलं. "प्रोग्रामलेच विचार ना, तुझ्या पोटात कोणती आहे म्हणून."

चालत्या प्रोग्रामला असं विचारता येतं हे पुष्कळ वर्षं सी लिहिणाऱ्यांच्याही गावी नसतं. मलाही कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं.

आधी लायब्ररीचं बघू. लग्न निघालं म्हणून कोणी पाचशे माणसांच्या स्वयंपाकाचे गंज आणि कढया विकत घेत नाही. बिछायत केंद्रातून आणतो. प्रोग्रामचंही तसंच. पडद्यावर अक्षरं छापणं, वर्गमूळ काढणं, फाईल दाबून लहान करणं ही कामं शेकडो प्रोग्रामना लागतात. प्रत्येकाने ती स्वतःच्या फाईलमध्ये भरून ठेवण्यापेक्षा एका सामायिक फाईलमध्ये ठेवायची आणि ज्याला लागेल त्याने सुरू होताना तिथून घ्यायची. हीच शेअर्ड लायब्ररी. लिनक्सवर तिच्या नावात 'डॉट एसओ' असतं, विंडोजवर 'डॉट डीएलएल'. कल्पना जुनी आहे. १९६० च्या दशकातल्या मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टममध्ये ती होती, आणि युनिक्स घराण्यातल्या ऑपरेटिंग सिस्टमकडे १९८८ च्या सनओएस ४.० ने ती आजच्या रूपाजवळ आणली.

बिछायतीचा दाखला एका जागी फसतो, आणि खरी गंमत तिथेच आहे. एक कढई एका वेळी एकाच मांडवात असते. लायब्ररी मात्र एकाच वेळी पन्नास प्रोग्रामांत असते आणि रॅममध्ये तिच्या न बदलणाऱ्या भागाची प्रत एकच असते. रॅमची विभागणी पानांत होते, साधारणपणे ४,०९६ बाइटचं एक पान. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, प्रत्येक प्रोग्रामच्या पत्त्यांच्या वहीत त्याच पानांची नोंद करून देतो. पन्नासही जणांना वाटतं, कढई आपल्याच घरची.

हे सामान आणून लावणाऱ्याला लोडर म्हणतात. प्रोग्रामच्या फाईलमध्येच लिहून ठेवलेलं असतं की मला चालवण्याआधी अमुक लोडरला बोलवा. लोडर येतो, लागणाऱ्या लायब्ररींची यादी वाचतो, त्या शोधतो, त्यांना स्वतःला लागणाऱ्या आणखी लायब्ररी शोधतो, सगळ्यांना मेमरीत जागा करून देतो, आणि मग 'मेन' फंक्शनची पाळी येते. सीच्या पहिल्या तासाला शिकवतात की प्रोग्राम मेनपासून सुरू होतो. तोवर मांडव कधीचाच उभा झालेला असतो. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे एका चोरीत ती कामाला येणार आहे.

मित्राने सर्व्हरवर जाऊन काय केलं? लिनक्समध्ये 'प्रॉक' नावाची डिरेक्टरी असते. तिच्यातल्या फायली डिस्कवर नसतातच. तुम्ही वाचायला गेलात की कर्नल त्या क्षणी उत्तर लिहून देतो. प्रत्येक चालत्या प्रोग्रामला तिथे त्याच्या क्रमांकाची एक खोली मिळते आणि त्या खोलीत 'मॅप्स' नावाची फाईल असते. ती मला सातबाऱ्यासारखी वाटते. मेमरीचा कोणता तुकडा कुठून कुठपर्यंत, तो कोणत्या फाईलच्या नावावर आणि त्यावर हक्क कोणता. 'आर' असेल तर वाचण्याचा, 'डब्ल्यू' लिहिण्याचा, 'एक्स' तिथल्या सूचना चालवण्याचा. एकाच लायब्ररीच्या चार-पाच ओळी दिसतात, कारण तिच्या तुकड्यांचे हक्क वेगवेगळे असतात: सूचनांवर लिहिता येत नाही, माहितीचा भाग चालवता येत नाही. दुसऱ्याच्या प्रोग्रामचा सातबारा पाहायला बहुधा रूटचे, म्हणजे यंत्राच्या मुख्य प्रशासकाचे, अधिकार लागतात. ते मित्राकडे होते.

त्याने फाईल उघडली. त्या लायब्ररीच्या ओळींच्या शेवटी कंसात एक शब्द होता: 'डिलीटेड'.

"म्हणजे उडाली? मग चालून कशी रायली?"

युनिक्सच्या घराण्यात फाईलचं नाव म्हणजे नुसती दारावरची पाटी. घर म्हणजे आयनोड, त्याला स्वतःचा क्रमांक असतो. मित्राने नवी फाईल जुनीच्या नावावर सरकवली तेव्हा पाटी नव्या घरावर लागली. जुन्या घराची पाटी गेली, पण आत भाडेकरू राहत होता, आणि कोणी राहत असेल तोवर कर्नल घर पाडत नाही. दीड महिन्यापूर्वी आत शिरलेला प्रोग्राम तिथेच, जुन्या चुकीसकट, सुखात नांदत होता. बाहेरून बघणाऱ्याला फक्त नवी पाटी दिसत होती.

त्याने फाईल सरकवणारी 'एमव्ही' ही आज्ञा वापरली हे त्याचं नशीब. नक्कल करणाऱ्या 'सीपी' ने जुन्या फाईलवरच नवी फाईल ओतली असती तर घर तेच राहिलं असतं आणि भाडेकरू आत असतानाच भिंती पाडून नव्या बांधल्या गेल्या असत्या. चालू प्रोग्राम मग अर्ध्या वाक्यात कोसळतो. चालत्या प्रोग्रामच्या मुख्य फाईलवर असं लिहायला गेलात तर लिनक्स अडवतो, लायब्ररीच्या बाबतीत अडवत नाही. हे मी एकदा स्वतः करून बसलोय, त्यामुळे जास्त बोलत नाही.

हा घोळ फक्त छोट्या कंपन्यांत होतो असं नाही. ७ एप्रिल २०१४ रोजी वेबसर्व्हरचा संवाद गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीतली 'हार्टब्लीड' ही चूक जाहीर झाली. सर्व्हरच्या मेमरीतले ६४ किलोबाइटपर्यंतचे तुकडे परक्याला वाचता येत होते, आणि त्यात पासवर्ड किंवा गुप्त किल्ल्याही सापडू शकत. दुरुस्त आवृत्ती त्याच दिवशी आली. पण लायब्ररी बदलून जो वेबसर्व्हर पुन्हा सुरू केला नाही, तो जुन्याच घरातून गळत राहणार होता. डिस्कवरची आवृत्ती तपासणाऱ्याला सगळं ठीकच दिसलं असतं.

बाहेरून बघण्याचा रस्ता हा असा. सी लिहिणाऱ्याला त्याहून गोड रस्ता आतून आहे, आपल्याच प्रोग्रामने आपल्याच पोटात डोकावण्याचा. त्यासाठी 'डीएल_इटरेट_पीएचडीआर' नावाचं फंक्शन असतं. नाव पाठ करू नका. त्याची रीत समजून घ्या, कारण ते यादी हातात देतच नाही. तुम्ही त्याला तुमचं एक फंक्शन द्यायचं. ते प्रत्येक लायब्ररीसाठी ते फंक्शन एकदा बोलावतं आणि दरवेळी सांगतं: हिचं नाव हे, ही मेमरीत या पत्त्यापासून बसली आहे, हिचे तुकडे इतके. तुमच्या फंक्शनने शून्य परत केलं तर पुढची लायब्ररी. दुसरं काही परत केलं तर फेरी तिथेच संपते.

एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी? कारण यादी स्थिर नसते. तुम्ही ती वाचत असताना त्याच प्रोग्रामचा दुसरा धागा (थ्रेड, म्हणजे सोबतीने चालणारं काम) 'डीएलओपन' करून नवी लायब्ररी आणू शकतो किंवा असलेली काढून टाकू शकतो. प्रत हातात दिली तर वाचेपर्यंत ती शिळी. म्हणून फेरी चालू असताना लोडर यादीला कुलूप लावतो आणि एकेक नोंद तुमच्यासमोर धरतो. पंगतीत वाढप्या एकेका पानापाशी थांबतो तसं.

पहिल्यांदा हे चालवाल तेव्हा दोन गोष्टी बुचकळ्यात टाकतील. पहिली नोंद बिननावाची येते. तो तुमचा स्वतःचा प्रोग्राम. आणि यादीत 'व्हीडीएसओ' नावाचा एक पाहुणा दिसतो, ज्याची फाईल डिस्कभर शोधली तरी सापडणार नाही. तो कर्नलनेच प्रत्येक प्रोग्रामच्या मेमरीत बसवलेला असतो, किती वाजले अशा सारख्या विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं कर्नलचं दार न ठोठावता मिळावीत म्हणून. ॲपलने तर कमालच केली आहे. २०२० च्या मॅकओएस बिग सरपासून प्रणालीच्या लायब्ररींच्या सुट्या फायली डिस्कवर ठेवणंच बंद झालं. सगळ्यांचं मिळून एक गाठोडं असतं. तिथे फाईल शोधणारा हात हलवत परत येतो आणि प्रोग्राम मात्र मजेत चाललेला असतो.

लायब्ररी बसली तो पत्ता कशाला हवा, हे सांगायला नागपूरकराला लांब जावं लागत नाही. सीताबर्डीजवळचा झिरो माईल. चार घोडे, दगडी स्तंभ आणि हैदराबाद, चांदा, रायपूर, जबलपूरपर्यंतची कोरलेली मैलांतली अंतरं. लायब्ररीतही असंच असतं. तिच्या फाईलमध्ये फंक्शनांची जागा 'सुरुवातीपासून इतक्या अंतरावर' अशी लिहिलेली असते, कारण ती कोणाच्या मेमरीत कुठे बसणार हे आधी ठरलेलं नसतं. मेमरीतला तिचा पहिला पत्ता म्हणजे तिचा झिरो माईल. फरक असा की हा झिरो माईल दरवेळी हलतो. २००५ सालच्या २.६.१२ या आवृत्तीपासून लिनक्स कर्नल लायब्ररी मुद्दामच दर वेळी वेगळ्या पत्त्यावर बसवतो, घरफोड्याला तिजोरी कुठे आहे हे पाठ करता येऊ नये म्हणून. स्तंभ कुठेही गेला तरी स्तंभापासून रायपूरचं अंतर तेच राहतं. म्हणून प्रोग्राम कोसळला आणि हातात ७०००५२३० असा पत्ता आला, तर त्यातून लायब्ररीचा झिरो माईल, समजा ७०००००००, वजा करायचा. उरलेला ५२३० हा आकडा दरवेळी तोच येईल, आणि त्यावरून चूक कोणत्या ओळीत आहे ते काढता येतं. हातातला मोठा आकडा एकटा काही कामाचा नाही.

उलटा प्रश्नही विचारता येतो. 'डीएलॲडर' या फंक्शनला एक पत्ता द्या. ते सांगतं की हा पत्ता कोणत्या फाईलच्या हद्दीत येतो आणि जवळचं फंक्शन कोणतं. वरवर किरकोळ वाटतं. पण आता ती चोरी.

२९ मार्च २०२४. आंद्रेस फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणारे, पोस्टग्रेस डेटाबेसच्या विकासातले अभियंते. डेबियन या लिनक्सच्या तयार संचाच्या, म्हणजे वितरणाच्या, 'सिड' या अजून विकासात असलेल्या आवृत्तीवर एसएसएचने (दूरच्या यंत्रात सुरक्षित शिरण्याच्या साधनाने) लॉगिन करताना त्यांना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत होता. अर्धा सेकंद! आपण चहाला गेलो असतो. त्यांनी पाठ धरली आणि 'एक्सझेड' या फाईल दाबण्याच्या साधनाच्या लायब्ररीत, ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत, लपवलेलं चोरदार उघड केलं. एसएसएचच्या सर्व्हरला ही लायब्ररी मुळात लागतच नाही. पण काही वितरणांनी त्याला सिस्टमडी या सेवा सांभाळणाऱ्या प्रणालीच्या लायब्ररीशी जोडलं होतं, आणि तिला ही लायब्ररी लागत होती. पाहुण्याचा पाहुणा मांडवात शिरला तो असा.

शिरल्यावर त्याने काय केलं? लोडर सुरुवातीला लायब्ररीतली काही छोटी फंक्शनं चालवतो, या यंत्राच्या प्रोसेसरला कोणती रीत जलद पडेल ते ठरवायला. तीच संधी. मेनची पाळी येण्याआधीच चोराचा कोड चालला, आणि सही तपासणाऱ्या फंक्शनचा पत्ता त्याने सांकेतिकीकरणाच्या (क्रिप्टो) लायब्ररीवरून उचलून स्वतःच्या कोडवर वळवला. कुलपाच्या फंक्शनचा पत्ता फाईल दाबणाऱ्या लायब्ररीच्या हद्दीत का येतो, हा प्रश्न एकदा विचारला की सगळं उघडं पडतं. पण तो चालत्या प्रोग्रामलाच विचारावा लागतो.

बरेच जण यासाठी 'एलडीडी' ही आज्ञा वापरतात. ती वाईट नाही, पण ती सांगते प्रोग्राम सुरू केला तर काय येईल ते. आत्ता आत काय आहे ते नाही. मध्येच 'डीएलओपन' ने आलेल्या लायब्ररी तिला दिसत नाहीत. शिवाय काही परिस्थितीत तिच्या काही आवृत्त्या तपासायचा प्रोग्रामच चालवून बसतात, म्हणून अनोळखी फाईलवर ती वापरू नये असं तिच्या माहितीपानातच लिहिलं आहे. संशयिताची झडती घ्यायला त्यालाच घरात बोलावण्यासारखं ते.

संध्याकाळी काटे बंद झाल्यावर मित्राने प्रोग्राम थांबवून पुन्हा सुरू केला. मॅप्सच्या फाईलमध्ये 'डिलीटेड' नव्हतं, आयनोडचा क्रमांक नवा होता आणि बेरीज बरोबर येत होती. मी म्हटलं, आता एक काम कर, या सर्व्हरवर जेवढे प्रोग्राम चालू आहेत तेवढ्यांच्या मॅप्समध्ये तोच शब्द शोध. दहा मिनिटांनी पुन्हा फोन.

"अबे, अजून चार जणं जुन्याच घरात राहून रायले. त्यातला एक मागच्या दिवाळीपासून."