साताऱ्याच्या उपनगरांतल्या बागा: तळी, माळ आणि डोंगराचा पायथा

सप्टेंबर २०२० मध्ये सातारा पालिकेची हद्दवाढ मंजूर झाली. शाहूपुरी, विलासपूर, शाहूनगर, गोडोलीचा बाहेर राहिलेला भाग, दरे खुर्द असा मोठा पट्टा पालिकेकडे आला. वर्षानुवर्षं ना धड ग्रामपंचायतीत, ना पालिकेत असा 'त्रिशंकू' म्हणून ओळखला जाणारा भागही त्यात होता. अजिंक्यतारा किल्लासुद्धा तेव्हाच शहराच्या हद्दीत आला.

या उपनगरांत नव्याने घर घेतलेली माणसं हमखास विचारतात की मुलांना न्यायला, आई-वडिलांना फिरायला जवळपास चांगली बाग कुठली. जुना सातारकर सहसा बागेचं नाव घेत नाही. तो सांगतो, महादऱ्याला जा, गोडोलीच्या तळ्यावर जा, चार भिंतीवर चढा. त्याचं बरोबर आहे. शहराच्या कडेला जे चांगलं मोकळं, हिरवं उरलं आहे, त्यातलं फारच थोडं बाग म्हणून आखलेलं होतं. कुठे पाणी साठवायचं होतं, कुठे फौज उतरवायची होती, कुठे उतारच इतका होता की घर बांधणं शक्य नव्हतं. मुद्दाम आखलेल्या कॉलनीतल्या बागा मात्र चिमुकल्या राहिल्या. हा फरक कसा पडला, ते पाहण्यासाठी तीनशे वर्षं मागे जावं लागतं.

१२ जानेवारी १७०८ रोजी शाहू महाराजांचा राज्याभिषेक अजिंक्यताऱ्यावर झाला आणि पुढच्या काळात किल्ल्याच्या उत्तर पायथ्याला वारांच्या नावाच्या पेठा वसत गेल्या. जागा सुरक्षित होती, हवा उत्तम होती, पण नदी लांब आणि खाली. वेण्णा उताराच्या तळाशी, कृष्णा तर त्याहून पलीकडे माहुलीला. नदीचं पाणी इतकं वर चढवण्याची सोय त्या काळी नव्हती. पश्चिमेच्या यवतेश्वरच्या डोंगरातून मात्र पाणी आपल्या उताराने खाली येत होतं. ते अडवायचं, खापरी नळांतून गावात आणायचं आणि हौदांत, तळ्यांत साठवायचं, ही साताऱ्याची रीत झाली. मंगळवार तळं, मोती तळं, फुटकं तळं, कमानी हौद ही नावं आजही पत्त्यात लिहिली जातात.

त्या काळी बाग म्हटलं की आधी विहीर किंवा पाट आणि मग झाडं, असाच क्रम होता. याचा सर्वांत देखणा पुरावा साताऱ्यापासून थोड्या अंतरावर लिंबच्या शेरेवाडीत आहे. शाहू महाराजांच्या काळात १७१९ ते १७२४ दरम्यान वीरूबाईंनी बांधून घेतलेली बारा मोटांची विहीर तिथल्या आमराईला पाणी देण्यासाठी होती, असं सांगतात. एकाच वेळी बारा मोटा चालतील अशी अष्टकोनी विहीर, आत दगडी महाल, कोरीव खांब. विहीर टिकली. झाडांना इतका खर्च करून पाणी देणारा तो काळ तिच्या पायऱ्या उतरताना लख्ख दिसतो. उपनगरातला माणूस रविवारी पोरांना घेऊन कुठे जावं असं विचारतो, तेव्हा माझं पहिलं उत्तर ही विहीर असतं, जरी ती शहराच्या हद्दीत येत नसली तरी.

पाण्याच्या कामाला दुसरा जोर आला तो छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या काळात. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी त्यांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं आणि १८३९ मध्ये त्यांनीच पदच्युत करून काशीला पाठवलं. तिथेच १८४७ साली महाराज वारले. मधल्या वीस वर्षांत त्यांनी राजवाडा, शाळा, छापखाना, महाबळेश्वरचा रस्ता अशी कितीतरी कामं उभी केली. महादऱ्याच्या तळ्याचं श्रेयही त्यांनाच दिलं जातं. राजवाड्यासमोरची गोलबाग शहराच्या मध्यात असल्याने तिचं कौतुक भरपूर होतं. संध्याकाळी शेजारच्या चौपाटीवर गर्दी असते, बागेत माणसं बसलेली असतात. पण त्या काळाचं खरं मोठं देणं गावाबाहेर यवतेश्वरच्या पायथ्याला आहे.

महादरे शहराच्या पश्चिमेला, डोंगराच्या खोबणीत आहे. तळ्यावर पूर्वी राजघराण्याचे हत्ती पाण्यावर आणत, असं जुनी माणसं सांगतात. तळ्याच्या वरचा उतार झाडीने भरलेला आहे आणि भर उन्हाळ्यातही आत शिरलं की गारवा लागतो. साताऱ्याच्या इतर डोंगरांवर गवत आणि खुरटी झुडपं. इथे मात्र दाट सावली, ओल, वेली. त्यामुळे फुलपाखरं. शासनाने या सुमारे १०७ हेक्टरच्या टापूला फुलपाखरांच्या अधिवासासाठी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा दिला आहे.

संवर्धन राखीव म्हणजे अभयारण्य नाही, हे इथे सांगायला हवं, कारण त्यावरून गावात बराच गोंधळ असतो. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने ही तरतूद आली. जमीन सरकारी असावी लागते, घोषणेआधी स्थानिकांशी सल्लामसलत करावी लागते आणि व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतीचे प्रतिनिधी असतात. शहराला चिकटलेल्या छोट्या रानासाठी हा दर्जा मला फार योग्य वाटतो. लोकांचा राबता राहतो आणि रानही राहतं.

फुलपाखरं महादऱ्यालाच का आणि कॉलनीतल्या हिरवळीवर का नाहीत, याचं उत्तर झाडांत आहे. फुलपाखराला मधासाठी फुलं लागतात, पण अंडी घालायला ठरावीक झाडच लागतं. २०१५ मध्ये महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेलं ब्लू मॉरमॉन लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. कापलेली लॉन, दोन अशोक आणि शोभेची कुंपणझुडपं लावलेल्या बागेत त्याच्या अळीला खायलाच काही नसतं. महादऱ्याला पाण्यामुळे ओल राहिली, ओलीमुळे तऱ्हेतऱ्हेची झाडं राहिली. पावसाळा ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, ऊन वर आल्यानंतर जावं. फार पहाटे गेलं तर फुलपाखरं अंग तापायची वाट बघत पानाखाली बसलेली असतात.

प्रतापसिंह महाराजांच्याच काळातली दुसरी जागा चार भिंती. अजिंक्यताऱ्याच्या उतारावर, शहराच्या डोक्यावर. राजघराण्यातल्या स्त्रियांना दसऱ्याची मिरवणूक पाहता यावी म्हणून बांधलेला नजरमहाल, अशी तिची ओळख सांगतात. पुढे ते १८५७ च्या वीरांचं स्मारक झालं. चढ फार नाही, आजी-आजोबांनाही जमतो. वर बसलं की एका बाजूला जुन्या पेठा, दुसऱ्या बाजूला गोडोली, शाहूनगर आणि महामार्गापर्यंत पसरलेली नवी वस्ती एकाच नजरेत येते. उपनगर किती झपाट्याने वाढलं, हे पाहायला याहून चांगली जागा नाही.

शाहूपुरीच्या वाटेवर गेंडामाळ आहे. आज आजूबाजूला घरं झाली आहेत, पण ही जागा विसरता कामा नये. ८ सप्टेंबर १८५७ रोजी इथे इंग्रजांविरुद्धच्या उठावाच्या कटावरून सतरा जणांना देहदंड दिला गेला. पाच जणांना फाशी, सहा जणांना तोफेच्या तोंडी, सहा जणांना गोळ्या. प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडायला लंडनमध्ये चौदा वर्षं झगडलेल्या रंगो बापूजी गुप्ते यांचा मुलगा सीताराम त्यांत होता. स्मारकाभोवतीचा मोकळा भाग छोटा आहे. संध्याकाळी तिथे मुलं खेळतात आणि ती खेळावीतच. फक्त आपण कुठे खेळतो आहोत, हे कुणीतरी त्यांना सांगायला हवं. शाहूपुरीतल्या शाळांनी वर्षातून एकदा वर्गच्या वर्ग तिथे न्यावेत, असं मनापासून वाटतं.

शहराच्या पूर्वेकडची गोष्ट निराळी. १८१८ नंतर इंग्रजी फौजेचा तळ त्या बाजूला पडला, रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, राहू लागला, कॅम्प आणि सदरबझार आकाराला आले. फौजेला कवायतीला मैदान लागतं, साहेबाला बंगल्याभोवती आवार लागतं. म्हणून त्या भागातले रस्ते रुंद, झाडं मोठी आणि मैदानं सपाट. १८५३ मध्ये नगरपालिका स्थापन झाली, पण सार्वजनिक उद्यानं मुद्दाम उभारण्याची कल्पना इथे बऱ्याच उशिरा रुजली.

राजघराण्याची एक बाग मात्र वेगळ्याच कारणाने लोकांची झाली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केलं. १९२७ मध्ये गांधीजींनी त्याला भेट दिली आणि 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' हे नाव त्यांच्याच हस्ते दिलं गेलं. हे बोर्डिंग राजघराण्याच्या याच बागेत, धनिणीच्या बागेत, वाढलं. मुलं तिथे शिकली, राबली, स्वतःच्या हातांनी पिकवून जेवली. ती जागा आज फिरायला जाण्याची बाग नाही, तरी साताऱ्यातल्या कुठल्याही बागेने इतकं मोठं काम केलेलं नाही.

इंग्रजी अमदानीत पाण्याची भूक वाढली आणि पंचवीसेक किलोमीटरवर कासला तलाव बांधला गेला. तिथून डोंगराच्या कडेकडेने, पंपाशिवाय, पाटाने पाणी यवतेश्वरला आणि तिथून साताऱ्यात येई. पश्चिम घाट २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला, त्यात कासचं पठार असल्याने आता फुलांच्या हंगामात तिकडे गाड्यांची रांग लागते. यवतेश्वरचा घाट चढून थेट पुढे जाणाऱ्या या गाड्यांतल्या फार थोड्यांना पायथ्याच्या महादऱ्याची कल्पना असते. २०१२ पासूनच सातारा हिल हाफ मॅरेथॉन याच घाटातून होते आणि तिने उपनगरातल्या माणसांना पहाटे घाट चढायची सवय लावली.

गोडोलीचं तळं हे गावाचं तळं. गोडोली हे मूळ खेडं. शहर त्याच्याकडे सरकत आलं आणि तळं वस्तीच्या मधोमध सापडलं. बाजूला आयुर्वेदिक उद्यान झालं, त्यात औषधी झाडं लावली आहेत. अडुळसा, निर्गुडी, बेहडा अशी झाडं नावानिशी ओळखायला मुलांना इथे आणावं. तळ्याचं आरोग्य मात्र वरून येणाऱ्या ओढ्यांवर आहे. सांडपाणी तळ्यात शिरलं की काठावर कितीही बाकडी टाकली तरी तिथे बसवत नाही.

आता कॉलन्यांकडे येऊ. मोठी जमीन बिनशेती करून प्लॉट पाडायचे तर मोकळी जागा सोडावी लागते. सध्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या रेखांकनात १० टक्के जागा मोकळी ठेवण्याचा नियम आहे. म्हणजे एका एकराच्या, चाळीस गुंठ्यांच्या कॉलनीत जेमतेम चार गुंठे. तेवढ्यात घसरगुंडी, दोन झोके, ओपन जिमची चार यंत्रं आली की बाग भरली. पुष्कळदा त्याच चार गुंठ्यांत देऊळ, समाजमंदिर किंवा पाण्याची टाकीही उभी राहते. एकराच्या आतली जमीन गुंठा-गुंठा करून विकली गेली तर तेवढीही सुटत नाही. अशा गुंठेवारीला नियमित करण्यासाठी राज्याला २००१ मध्ये वेगळा कायदा करावा लागला आणि २०२१ मध्ये त्याची मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घ्यावी लागली, इतका हा प्रकार सर्वदूर होता. ग्रामपंचायतींकडे बागा सांभाळायला माणसं नव्हती, पैसा नव्हता. उपनगरातल्या बागा लहान आणि उजाड दिसतात त्याचं कारण बहुतांशी इथेच आहे. रहिवाशांना झाडांची हौस नाही, असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय करणारं आहे. ज्या कॉलन्यांत चार घरांनी मिळून पाणी घातलं, तिथे वड-पिंपळ उभे राहिलेले दिसतात.

डोंगराचा उतार मात्र कायद्याने वाचवला. एकास पाचपेक्षा तीव्र, म्हणजे पाच फूट आडव्या अंतरात एक फुटाहून जास्त चढणाऱ्या, उतारावर बांधकामाला परवानगी नाही. शाहूनगरच्या मागून किंवा गोडोलीच्या बाजूने अजिंक्यताऱ्यावर चढणारी माणसं रोज पहाटे ज्या रानातून जातात, ते रान त्यामुळे उरलं. त्याचा शत्रू वेगळा आहे. फेब्रुवारीपासून गवत वाळतं आणि वणवे लागतात, बहुतेक वेळा माणसाच्या हातून. आदल्या पावसात लावलेली रोपं एका संध्याकाळीत जातात. जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळे केलेले पट्टे, जानेवारीतच काढून ठेवल्या तर नुकसान निश्चित कमी होतं, आणि हे काम फिरायला जाणाऱ्यांचे गट वनखात्याच्या सोबतीने करू शकतात.

हद्दवाढीने पालिकेवर एक मोठी जबाबदारी आली आहे: वाढीव भागाच्या विकास आराखड्यात उद्यानांची आरक्षणं टाकण्याची आणि ती ताब्यात घेण्याची. १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे आरक्षित जागा दहा वर्षांत घेतली नाही, तर मालक कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द होतं आणि जागा बांधकामाला मोकळी. महाराष्ट्रातल्या कित्येक शहरांतली उद्यानं अशीच कागदावरून गेली. आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचनांसाठी मुदत मिळते. विलासपूर, शाहूपुरी, शाहूनगरच्या रहिवाशांनी त्या वेळी नकाशा उघडून आपल्या भागातला हिरवा रंग कुठल्या सर्व्हे नंबरवर आहे ते पाहावं. तिथवर पोचायला रस्ता दाखवला आहे का, ओढ्याची कड सोडली आहे का आणि गोडोलीच्या तळ्याला पाणी आणणारे प्रवाह नकाशावर आहेत का, हेही तपासावं. नसतील तर ते मुदतीत लेखी द्यावं.