विद्युत बसची वैधानिक सक्ती

सार्वजनिक वाहतूक संस्थांनी डिझेल किंवा सीएनजीच्या जागी धूर न सोडणाऱ्या बस घ्याव्यात, असे बंधन कायद्याने किंवा कायद्याखालील नियमाने घालण्याची पद्धत. अनुदान देऊन विद्युत बसकडे वळवणे वेगळे आणि ठरावीक वर्षानंतर दुसरी बस घेताच येणार नाही असे बजावणे वेगळे. येथे दुसऱ्या प्रकाराचा विचार केला आहे.

अशी सक्ती सहसा रस्त्यावर धावत असलेल्या बसवर नव्हे, तर नव्या खरेदीवर असते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या वायुसंसाधन मंडळाने डिसेंबर 2018 मध्ये संमत केलेला ‘इनोव्हेटिव्ह क्लीन ट्रान्झिट’ नियम हे याचे सर्वांत रेखीव उदाहरण होय. मोठ्या संस्थांच्या नव्या बसपैकी 2023 पासून 25 टक्के, 2026 पासून 50 टक्के आणि 2029 पासून सर्वच बस शून्य उत्सर्जनाच्या असाव्यात, असे त्यात म्हटले आहे. लहान संस्थांसाठी 25 टक्क्यांचा टप्पा 2026 पासून आणि पूर्ण सक्ती 2029 पासूनच आहे. बॅटरीवरील बस आणि हायड्रोजन फ्युएल सेलवरील (हायड्रोजनपासून बसमध्येच वीज तयार करणारी) बस दोन्ही चालतात. संपूर्ण ताफा 2040 पर्यंत बदलावा हे उद्दिष्ट साध्या आकडेमोडीशी जुळते: केंद्रीय निधीतून घेतलेल्या मोठ्या बसचे किमान आयुष्य साधारण 12 वर्षे धरले जाते, त्यामुळे 2028 मध्ये घेतलेली डिझेल बस 2040 च्या सुमारास मोडीत निघते.

प्रत्येक संस्थेने आपल्या संचालक मंडळाची मंजुरी घेऊन आराखडा सादर करायचा असतो. चार्जिंगचे काम संस्थेच्या हाताबाहेरील कारणाने रखडले, एका चार्जिंगमध्ये दिवसभराची फेरी पुरी होत नसली, बसला मार्गावरील चढ झेपत नसला, योग्य बस बाजारात नसली किंवा आर्थिक संकट असले, तर सूट मागता येते. या सवलतींना पळवाटा म्हणणे अन्यायाचे होईल, कारण खरी अडचण डेपोतच येते. रात्री शेवटच्या फेरीनंतर बस जवळजवळ एकाच वेळी परततात आणि पहाटे त्यांना पुन्हा निघायचे असते. त्या सगळ्या एकदम चार्जिंगला लावल्या तर विजेची मागणी उसळते, म्हणून पाळ्या लावाव्या लागतात. वाढीव वीजजोडणी आणि ट्रान्सफॉर्मर मिळेपर्यंत आलेल्या बस उभ्याच राहू शकतात.

खरेदीदारावरील सक्तीची दुसरी मर्यादा पुरवठ्याची आहे. विद्युत बस बनवणारी ‘प्रोटेरा’ ही अमेरिकी कंपनी ऑगस्ट 2023 मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा तिच्या बस वापरणाऱ्या संस्थांपुढे सुट्या भागांचा आणि दुरुस्तीचा प्रश्न उभा राहिला.

युरोपीय संघाने दोन्ही बाजूंनी हात घातला. 2019 च्या निर्देशाने सरकारी खरेदीतील ‘स्वच्छ’ बसचे प्रमाण देशागणिक 2025 अखेरपर्यंत 24 ते 45 टक्के आणि पुढे 2030 पर्यंत 33 ते 65 टक्के ठरवले. त्यातील निम्म्या बस शून्य उत्सर्जनाच्या हव्यात. उरलेल्या निम्म्यांत सीएनजीही चालतो, ही तडजोड लक्षात घेण्याजोगी आहे. बस खाजगी कंपनीची असली तरी सेवा-कंत्राटे त्यात मोजली जातात. 2024 च्या नियमाने मग उत्पादकांनाच बांधून घेतले: 2035 पासून नवी शहरी बस शून्य उत्सर्जनाचीच असेल.

भारतात देशपातळीवर अशी खरेदीसक्ती नाही. सक्तीचा जुना दाखला दिल्लीचा, तोही न्यायालयीन आणि सीएनजीचा: सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये सर्व बस मार्च 2001 पर्यंत सीएनजीवर आणण्याचा आदेश दिला, पण मुदतवाढी मिळत गेल्याने काम 2002 च्या अखेरीपर्यंत लांबले. आता भर अनुदानावर आणि दर किलोमीटरमागे पैसे मोजायच्या कंत्राटांवर आहे, ज्यांत बस आणि चालक कंपनीचे असतात. महाराष्ट्राच्या 2021 च्या विद्युत वाहन धोरणाने निवडक शहरांतील सार्वजनिक वाहतुकीच्या 25 टक्के विद्युतीकरणाचे उद्दिष्ट 2025 साठी ठेवले होते. त्याने डिझेल बस घेण्यास मनाई होत नव्हती, आणि एसटी महामंडळाने त्यानंतरही नव्या डिझेल बस घेतल्या.