एमआरआयमध्ये ‘टेअर’ आलं म्हणजे ऑपरेशन ठरलंच का?

‘खांद्याच्या एमआरआयमध्ये टेअर आलं की ऑपरेशन करावंच लागतं, नाहीतर हात कायमचा जातो’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. टेअर म्हणजे चीर. रिपोर्टमधला तो शब्द वाचून धसका बसणं साहजिक आहे. पण यातलं ‘करावंच’ खरं नाही.

खांद्याचा सांधा चार स्नायू आणि त्यांच्या कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारे चिवट पट्टे) धरून ठेवतात. हाच रोटेटर कफ. वयाबरोबर या कंडरा विरत जातात. साठीनंतर तर खांदा अजिबात न दुखणाऱ्या अनेकांच्या एमआरआयमध्येही टेअर सापडतं. म्हणजे दिसलेली चीर हेच दुखण्याचं कारण असेल असं नाही.

रिपोर्टमध्ये ‘सुप्रास्पायनेटस’पुढे (या चारांपैकी वरचा स्नायू) काय लिहिलंय ते पाहा. ‘टेंडिनोसिस’ म्हणजे नुसती झीज. ‘पार्शल थिकनेस’ म्हणजे अर्धवट चीर. ‘फुल थिकनेस’ म्हणजे जाडीत आरपार, पण तेव्हाही कंडरा पूर्ण तुटलेली असतेच असं नाही. मग हात स्वतः वर करून बघा, नंतर घरातल्या कुणाला अलगद उचलायला सांगा (जबरदस्ती नको). दुसऱ्यानं उचलूनही अडकत असेल तर फ्रोझन शोल्डरची, म्हणजे खांदा आखडल्याची, शंका घ्यावी. त्याचे उपचार वेगळे.

झिजेच्या टेअरला सहसा आधी दोन-तीन महिने फिजिओथेरपी देतात. चीर तशीच राहते, तरी बाकीचे स्नायू भार घेतात आणि दुखणं पुष्कळदा कमी होतं.

मात्र पडल्यावर किंवा हिसका बसून अचानक हात उचलेनासा झाला, तर व्यायामावर वेळ काढू नका. अशा ताज्या टेअरला लवकर ऑपरेशन लागू शकतं, म्हणून लगेच हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.