पिल्लू मरू द्यायचं का?

ऑलिव्ह रिडले कासवाच्या जीवनचक्रावर पुण्यातल्या एखाद्या संग्रहालयासाठी खेळ करायचा म्हटलं, की पहिला वाद इथेच पेटतो. मुलं हिरमुसतील म्हणून पिल्लू वाचवणारे एकीकडे, जीवशास्त्रवाले दुसरीकडे.

पुणेकरांना हे कासव माहीत झालं ते वेळासमुळे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या या गावात चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने 2002 पासून गावकऱ्यांना सोबत घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. मादी रात्री येते, मागच्या पायांनी खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालून वाळू लोटते आणि निघून जाते. साधारण 45 ते 60 दिवसांनी पिल्लं वर येतात. वाळू जास्त तापलेली असेल तर माद्या जास्त, गार असेल तर नर. बघायला आलेल्यांसमोर पिल्लांवरची टोपली उचलली जाते, पिल्लं तुरुतुरु लाटेत शिरतात, मोबाइल खिशात जातात आणि मंडळी न्याहारीला वळतात. खरी कत्तल त्यानंतरची, ती कुणाला दिसत नाही.

संग्रहालयांनीही ती बराच काळ दाखवली नाही. काचेमागे पेंढा भरलेला प्राणी आणि 'हात लावू नये'ची पाटी, एवढाच कारभार. 1890 मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकीत प्राण्यांत पेंढा भरणारे कार्ल एकली यांनी प्राणी त्यांच्या घरट्यापाण्यासह मांडले, तरी काच राहिलीच. 1969 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक ओपेनहायमर यांनी सॅन फ्रान्सिस्कोत 'एक्स्प्लोरेटोरियम' हे विज्ञान संग्रहालय उघडलं आणि हात लावणं हाच नियम केला. आपल्याकडे मुंबईचं नेहरू विज्ञान केंद्र 1985 मध्ये सुरू झालं. चिंचवडचं सायन्स पार्क त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आलं.

पण जगण्यामरण्याचा खेळ आपल्याकडे त्याहून कितीतरी जुना आहे: मोक्षपट. परंपरेने तो ज्ञानेश्वरांच्या नावावर आहे. त्यात शिड्या कमी, साप जास्त. इंग्लंडात 19व्या शतकाच्या अखेरीस त्याची सापशिडी झाली आणि सापशिड्यांची संख्या बरोबरीला आली. कासवासाठी मला जुनाच पट योग्य वाटतो. प्रौढ होईपर्यंत हजारातलं एखादंच पिल्लू टिकतं असं म्हणतात. तिथे निम्म्या शिड्या म्हणजे सरळ थाप.

मुलाला एकच लाडकं पिल्लू दिलं की रडारड होणार. त्याला अख्खं घरटं द्यावं. पडद्यावर शंभर ठिपके. घरटं कुठे करायचं ते त्याने ठरवायचं: भरतीच्या रेषेलगत केलं तर पाणी शिरणार, गावाकडे सरकवलं तर कुत्री उकरणार. रिसॉर्टचे दिवे लागले की पिल्लं उलट्या दिशेला वळतात. पुढे मासे, मग जाळी. सहलीची रांग मागे उभी असते, त्यामुळे डाव दोन-तीन मिनिटांत आटोपायला हवा. अखेरीस उरलेल्या ठिपक्यांत एखादी मादी निघाली, तर ती अंडी घालायला परतते आणि तिचं घरटं रांगेतल्या पुढच्या मुलाला मिळतं. एकही उरली नाही, तर त्याच मुलाने पुन्हा रांगेत लागायचं.