गरम पाण्याच्या पाइपाला हलायला जागा हवी

सकाळी आंघोळीला सोलरचा नळ सोडला की काही घरांत भिंतीच्या आतून ‘टक्, टक्’ असा आवाज येतो. रोजचाच म्हणून कुणी लक्ष देत नाही. द्यायला हवे. बहुतेक वेळा तो आवाज भिंतीत चिणलेल्या प्लॅस्टिकच्या पाइपाचा असतो. पाणी गरम, पाइप लांबला, पुढे सरकायला वाव नाही, म्हणून कुठेतरी अडकून झटक्याने सुटला.

गरम पाण्यासाठी आपल्याकडे सध्या मुख्यतः सीपीव्हीसीचा, म्हणजे जास्त क्लोरीन असलेल्या पीव्हीसी प्लॅस्टिकचा पाइप वापरतात. त्याचा एक मीटरचा तुकडा एका अंशाने तापला की साधारण 0.065 मिलिमीटर वाढतो. ऐकायला हे काहीच नाही. पण गच्चीवरच्या टाकीपासून तळमजल्याच्या बाथरूमपर्यंत 10 मीटर पाइप धरा आणि तो 25 अंशांवरून 65 अंशांवर गेला असे समजा. वाढ होते 26 मिलिमीटर, म्हणजे इंचभर! तेवढाच जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप पाच मिलिमीटरही वाढत नाही. आपल्याकडची नळजोडणीची सवय मात्र जीआयवर घडलेली आहे: क्लॅम्प घट्ट आवळा, भिंतीत खाच पाडा, सिमेंटने गच्च बुजवा. लोखंडाला ते चालून जायचे. प्लॅस्टिकला तसेच जखडले की पाइप मधेच बाक धरतो आणि ताण एल्बो (वळणाचा जोड) आणि टी (तीन तोंडांचा जोड) यांच्यावर जातो. हे रोज घडते, वर्षानुवर्षे घडते, आणि एक दिवस टाइल्सच्या मागे ओल दिसते.

म्हणून क्लॅम्पने पाइपाला आधार द्यावा, आवळू नये. आडव्या पाइपाला साधारण दर तीन फुटांवर आधार असावा, कारण गरम झाल्यावर तो मऊ पडून झोळ धरतो. लांब सरळ धावेत मधे एखादे वळण किंवा यू आकाराचा फेरा ठेवावा आणि त्या वळणाला अगदी खेटून क्लॅम्प ठोकू नये, वाढलेली लांबी तिथेच जिरते. भिंतीतल्या पाइपाला फोमची नळी चढवून मगच प्लास्टर करावे. पाणीही जास्त वेळ गरम राहते.

आता पाइपाविषयी. साध्या पीव्हीसीत वजनाने सुमारे 57 टक्के क्लोरीन असते, सीपीव्हीसीत 63 ते 69 टक्के. क्लोरीनचे हे मोठाले अणू रेणूंच्या साखळ्यांना एकमेकींवरून सहज घसरू देत नाहीत, म्हणून सीपीव्हीसी जास्त उष्णता सोसतो. दुकानात पाइपावर आयएस 15778 हा भारतीय मानकाचा क्रमांक छापलेला आहे ना, ते पाहा. पण मर्यादा त्यालाही आहे. एसडीआर म्हणजे पाइपाचा बाहेरचा व्यास भागिले भिंतीची जाडी; आकडा मोठा तितकी भिंत पातळ. एसडीआर 11 जातीचा पाइप खोलीच्या तापमानाला चौरस सेंटिमीटरला सुमारे 28 किलोचा दाब पेलतो, 82 अंशांना फक्त 7 किलोचा. उंच इमारतीत टाकी 60 मीटर वर असेल तर खालच्या मजल्यांवर 6 किलोचा दाब नुसत्या उंचीनेच येतो. पातळ भिंतीचा एसडीआर 13.5 पाइप 82 अंशांना सुमारे साडेपाच किलोच पेलतो. म्हणजे तिथे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह हवाच.

दाबाची दुसरी वाट कमी दिसते, म्हणून मला ती जास्त धोक्याची वाटते. 100 लिटर पाणी 25 वरून 65 अंशांपर्यंत तापले की सुमारे पावणेदोन लिटरने वाढते. थंड पाणी आत येण्याच्या वाटेवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे जाऊ न देणारी झडप) असेल आणि नळ बंद असतील, तर ती वाढ दाबात बदलते. गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह थेंब थेंब गळतो म्हणून तो बुच मारून बंद करणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून असे कधीही करू नका. सोलरच्या टाकीवरचा हवेचा पाइपही उघडाच राहिला पाहिजे.

काचेच्या नळ्यांचा सोलर उन्हाळ्यात, घर बंद असताना, पाणी उकळीपर्यंत नेऊ शकतो. सीपीव्हीसीची मर्यादा 93 अंश. म्हणून टाकीला लागूनचे पहिले काही फूट धातूचे असावेत. धातू आणि प्लॅस्टिक जोडताना पितळी आट्यांचे फिटिंग आणि टेफ्लॉन टेप वापरावी. तेल किंवा ग्रीस लागले तर सीपीव्हीसीला बारीक तडे जातात.

जोडाचे ‘सोल्यूशन’ हा डिंक नव्हे. ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करते, म्हणून डब्यावर सीपीव्हीसी लिहिलेलेच हवे. पाइप काटकोनात कापा, कडेची कुसळे काढा, सोल्यूशन लावून पाव वळण देत आत ढकला आणि अर्धा मिनिट तसाच दाबून धरा, नाहीतर तो हळूच मागे सरकतो. दाबाची चाचणी 24 तासांनी, आणि पाण्यानेच घ्या. हवेने कधीच नको, दाबलेल्या हवेत फुटलेला पाइप छर्‍यांसारखा उडतो.

आणि टाइल्स लावण्याआधी एकदा गरम पाणी सोडून पाइपाच्या बाजूने चालत जा. प्रत्येक क्लॅम्पपाशी पेन्सिलने खूण करा आणि ती सरकते का ते पाहा.