फेक तीच, शब्द वेगळे

१९ जानेवारी २०२५ची रात्र. बफलो शहराजवळच्या मैदानावर बर्फ पडत होता. अमेरिकन फुटबॉलच्या बाद फेरीत बाल्टिमोर रेव्हन्स दोन गुणांनी मागे होते आणि घड्याळात दीड मिनिट उरलं होतं. त्यांचा कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) लमार जॅक्सन याने नुकताच टचडाउन, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या टोकापर्यंत नेण्याचे गुण, मिळवून दिला होता आणि आता बरोबरी साधायला आणखी दोन गुण हवे होते. जॅक्सनने चेंडू फेकला. तो सहकारी मार्क अँड्र्यूजच्या हातापर्यंत पोहोचला आणि निसटला. बफलो बिल्स २७, बाल्टिमोर २५. रेव्हन्सचा हंगाम तिथेच संपला.

सामना संपल्यावर चाहते भांडू लागले. पूर्वार्धात जॅक्सनने दोनदा चेंडू गमावला होता, एकदा इंटरसेप्शन (फेक प्रतिस्पर्ध्याने झेलली) आणि एकदा हातातून सुटून. काही म्हणाले, हरवलं ते त्यानेच. काही म्हणाले, शेवटची फेक तर अँड्र्यूजच्या हातात ठेवली होती, झेल जॅक्सनने सोडला का? आणि या वादात नेहमी येतं ते वळण लवकरच आलं. ‘मोठ्या सामन्यात त्याचं डोकं चालत नाही,’ असं कोणी म्हणालं की लगेच समोरून प्रश्न येतो, ‘गोऱ्या क्वार्टरबॅकबद्दल तुम्ही हेच शब्द वापराल का?’ तिथून पुढे कुणी कुणाचं ऐकत नाही.

एक बाजू आकडे मांडते, दुसरी वर्णभेदाचा इतिहास. दोघांना वाटतं की आपले विषय वेगळे आहेत. मला तसं वाटत नाही. क्वार्टरबॅकचा खेळ मोजणं विलक्षण अवघड आहे, आणि जिथे मोजमाप लंगडं पडतं नेमक्या त्याच जागी ठोकताळे आत शिरतात. म्हणून आधी मोजमापाकडे पाहू.

ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जवळजवळ प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हातून सुरू होते. चेंडू हातात येण्याआधी समोरच्या अकरा जणांची मांडणी वाचायची, गरज पडली तर ऐनवेळी बेत बदलायचा, आणि मग अंगावर धावून येणाऱ्या धिप्पाड माणसांना चुकवत दोन-तीन सेकंदांत ठरवायचं की चेंडू कोणाला द्यायचा. आपल्या क्रिकेटमध्ये एवढा भार कुठल्याच एका जागेवर नसतो. कर्णधार, यष्टिरक्षक आणि सलामीचा फलंदाज एकच माणूस असावा आणि प्रत्येक चेंडू त्यानेच खेळावा, असं काहीसं समजा.

आता या माणसाला गुण कसे द्यायचे? १९७३पासून ‘पासर रेटिंग’ नावाचं सूत्र वापरात आहे. किती फेकी झेलल्या गेल्या, प्रत्येक फेकीमागे किती यार्ड मिळाले, किती टचडाउन झाले, किती चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेले, या चार गोष्टी एकत्र करून जास्तीत जास्त १५८.३ गुण मिळतात. या सूत्राला झेल सोडणारे हात दिसत नाहीत. अँड्र्यूजसारखा झेल एखाद्या साध्या चालीत सुटला, तर ती फेक ‘अपूर्ण’ म्हणून क्वार्टरबॅकच्याच खात्यावर पडते. अलीकडे खेळाडूंच्या खांद्याच्या पॅडमध्ये चिप बसवतात आणि सेकंदाला दहा वेळा प्रत्येकाची जागा नोंदवतात. त्यामुळे झेलणाऱ्याभोवती किती मोकळी जागा होती, फेक किती कठीण होती, याचा हिशेब धरता येतो. ही खरोखर मोठी सुधारणा आहे. तरीही प्रशिक्षकाने चाल कोणती दिली, पुढच्या पाच जणांनी भिंत किती वेळ धरली, हे सगळं एकमेकांत गुंतलेलंच राहतं.

त्यात भर नशिबाची. समजा एका क्वार्टरबॅकची खरी क्षमता अशी आहे की त्याच्या ६५ टक्के फेकी झेलल्या जातात. पूर्ण हंगामात त्याने ५०० फेकी केल्या, तर क्षमतेत तसूभरही फरक न पडता निव्वळ योगायोगाने त्याचा आकडा ६१ ते ६९च्या दरम्यान कुठेही येऊ शकतो. एका सामन्यातल्या २५ फेकींसाठी हीच पट्टी ४६पासून ८४पर्यंत पसरते. साधं नाणेफेकीचं गणित आहे हे, कागदावर कोणीही करून पाहू शकतो. म्हणजे एका रविवारी ‘कोसळला’ आणि पुढच्या रविवारी ‘चमकला’ असं ज्याच्याबद्दल छापून येतं, तो दोन्ही दिवशी अगदी सारखाच खेळलेला असू शकतो.

चाहत्यांचं सोडा, ज्यांचं पोट यावर चालतं त्या खेळाडू हेरणाऱ्या स्काउट मंडळींचं तरी काय? दरवर्षी ड्राफ्टमध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगचे ३२ संघ पाळीपाळीने कॉलेजमधले खेळाडू निवडतात. त्याआधी महिनोन्‌महिने चित्रफिती पाहिल्या जातात, मुलाखती होतात, इंडियानापोलिसला धावण्या-उड्यांच्या चाचण्या होतात. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर (थेलर यांना पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं) या दोघा अभ्यासकांनी अनेक वर्षांचे ड्राफ्ट तपासले. त्यांचा प्रश्न साधा होता : एका जागेसाठी आधी निवडलेला खेळाडू त्याच जागेच्या लगेच पुढच्या खेळाडूपेक्षा सरस ठरतो का? उत्तर आलं, सुमारे ५२ टक्के वेळा. आणि टॉम ब्रेडी हा सात सुपर बोल (एनएफएलचे अंतिम सामने) जिंकणारा क्वार्टरबॅक २००० सालच्या ड्राफ्टमध्ये तब्बल १९९व्या क्रमांकावर निवडला गेला होता.

संख्याशास्त्रात बेझचा सिद्धांत सांगतो की पुरावा भक्कम असेल तर आधीची समजूत मागे पडते, पुरावा तोकडा असेल तर आधीची समजूतच निकाल ठरवते. क्वार्टरबॅकच्या बाबतीत पुरावा तोकडा असतो हे आपण पाहिलं. मग आधीची समजूत काय होती?

१९९७ साली मानसशास्त्रज्ञ जेफ स्टोन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या मुलांना बास्केटबॉलच्या सामन्याचं रेडिओ-समालोचन ऐकवलं आणि एका खेळाडूकडे लक्ष ठेवायला सांगितलं. ध्वनिफीत सगळ्यांना एकच. फरक एवढाच की काहींना तो खेळाडू कृष्णवर्णीय असल्याचं छायाचित्र दाखवलं आणि काहींना गोरा असल्याचं. कृष्णवर्णीय ‘असलेल्या’ खेळाडूत ऐकणाऱ्यांना शारीरिक क्षमता जास्त आढळली, आणि गोऱ्या ‘असलेल्या’ खेळाडूत खेळाची समज आणि मेहनत. कानावर पडलेला सामना शब्दाशब्दाने तोच होता.

दोन वर्षांनी स्टोनच्याच गटाने छोट्या गोल्फवर दुसरा प्रयोग केला. ही ‘खेळातल्या बुद्धीची’ परीक्षा आहे असं सांगितलं तेव्हा कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा खेळ घसरला. ‘नैसर्गिक शारीरिक क्षमतेची’ परीक्षा असं सांगितलं तेव्हा गोऱ्यांचा घसरला. ठोकताळा बघणाऱ्याच्या डोळ्यात असतो तसा खेळणाऱ्याच्या हातातही उतरतो.

आता स्काउटच्या टिपणातले शब्द पाहा. ‘उपजत’, ‘चपळ’, ‘कच्चा हिरा’ एकीकडे. ‘अभ्यासू’, ‘शांत डोक्याचा’, ‘मैदानावरचा सेनापती’ दुसरीकडे. यातला एकही शब्द शिवी नाही, सगळी स्तुतीच आहे. पण पहिल्या ओळीतल्या स्तुतीने माणूस पळणारा-झेलणारा ठरतो आणि दुसऱ्या ओळीतल्या स्तुतीने चेंडू हातात धरणारा. १९७०मध्ये समाजशास्त्रज्ञ जॉन लॉय आणि जोसेफ मॅकेल्व्होग यांनी बेसबॉल आणि फुटबॉलच्या संघांची जागानिहाय मोजणी केली. मध्यवर्ती, निर्णय घेण्याच्या जागांवर गोरे आणि कडेच्या जागांवर कृष्णवर्णीय, अशी थप्पी लागलेली त्यांना दिसली. या थप्पीचं एक दुष्टचक्र असतं. पंधराव्या वर्षी शाळेच्या संघात मुलाला क्वार्टरबॅकच्या जागेवरून हलवलं, की बाविसाव्या वर्षी त्याच्याकडे त्या जागेचा अनुभव नसतो, आणि मग ‘कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक फारसे मिळतच नाहीत’ हे विधान आकडेवारीनेही खरं दिसू लागतं.

वॉरन मूनचं उदाहरण घ्या. १९७८च्या रोज बोल या कॉलेज फुटबॉलच्या मानाच्या सामन्यात तो सामनावीर ठरला होता. त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये एकाही संघाने त्याचं नाव घेतलं नाही. तो कॅनडात एडमंटनला गेला, तिथे सलग पाच वेळा विजेतेपद मिळवलं, १९८४मध्ये ह्यूस्टनकडून एनएफएलमध्ये उतरला, आणि २००६मध्ये हॉल ऑफ फेममध्ये (फुटबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत) पोहोचणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरला. पण त्याच १९७८च्या ड्राफ्टमध्ये डग विल्यम्स या दुसऱ्या कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकची निवड पहिल्याच फेरीत, १७व्या क्रमांकावर झाली होती, हेही सांगायला हवं. दहा वर्षांनी त्याने सुपर बोलच्या एकाच सत्रात चार टचडाउन पास फेकून सामना संपवला. पूर्वग्रह सर्वत्र सारखा पसरलेला नसतो. म्हणूनच एका खेळाडूच्या उदाहरणावरून तो सिद्ध होत नाही आणि खोटाही पाडता येत नाही.

जॅक्सनबाबत चाहते हेच विसरतात. २०१८च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत पाच क्वार्टरबॅक गेले; जॅक्सन त्यातला पाचवा, ३२व्या क्रमांकावर. सातव्या क्रमांकावर जोश ॲलन गेला होता, बफलोच्या त्या बर्फात जिंकलेला. ॲलन गोरा. कॉलेजात त्याच्या जेमतेम ५६ टक्के फेकी झेलल्या गेल्या होत्या; जॅक्सनच्या शेवटच्या वर्षी ५९ टक्के. ॲलनची उंची आणि हाताची ताकद असामान्य होती आणि पुढे तो २०२४चा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तेव्हा त्याला निवडण्यात चूक झाली असं म्हणता येणार नाही. मला खटकतं ते वेगळंच. अचूकतेची शंका दोघांबद्दल होती. ॲलनबद्दलची चर्चा होती, अचूकता शिकवता येईल का. जॅक्सनला मात्र हॉल ऑफ फेममधले ज्येष्ठ व्यवस्थापक बिल पोलियन यांनी जाहीर सल्ला दिला की तू रिसीव्हर, म्हणजे चेंडू झेलणारा, हो. सहा फूट दोन इंचांचा हा मुलगा त्यांना उंचीला कमी वाटला होता. जॅक्सनने इंडियानापोलिसला ४० यार्डांची शर्यत धावायलाच नकार दिला; वेगाचा आकडा हातात पडला की आपल्याला झेलणाऱ्यांच्या रांगेत उभं करतील, हे तो ओळखून होता. २०१९मध्ये त्याने ३६ टचडाउन पास फेकले, धावून १,२०६ यार्ड काढले आणि पन्नासच्या पन्नास मतांनी सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. पोलियन यांनी आपलं चुकल्याचं मोकळेपणाने मान्य केलं. असं फार थोडे जण करतात.

मग यंत्राने किंवा चाचणीने मोजलं तर पूर्वग्रह गळून पडेल का? अनेक दशकं खेळाडूंना १२ मिनिटांत ५० प्रश्न सोडवण्याची वंडरलिक चाचणी द्यावी लागे. मैदानावरच्या कामगिरीशी तिचा म्हणण्यासारखा संबंध अभ्यासकांना आढळला नाही, पण मिळालेले गुण वर्तमानपत्रांत फुटत आणि खेळाडूला जन्मभर चिकटत. २०२२मध्ये एनएफएलने ती बंद केली. पुढच्याच वर्षी एका नव्या संगणकीय चाचणीचे गुण फुटले. सी. जे. स्ट्राउड या कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकला अवघं अठरावं शतमान मिळाल्याच्या, म्हणजे शंभरातले जेमतेम अठरा जण त्याच्या मागे असल्याच्या, बातम्या आल्या आणि ‘याला खेळ वाचता येणार नाही’ अशी चर्चा पसरली. त्या हंगामात त्याने २३ टचडाउन पास फेकले, त्याच्या फक्त ५ फेकी प्रतिस्पर्ध्यांच्या हाती पडल्या आणि आक्रमक फळीतल्या सर्वोत्तम नवोदिताचा मान मिळवला. एका खेळाडूवरून चाचणी टाकाऊ ठरत नाही, पण फुटलेल्या एका आकड्यावर लोकांनी किती चटकन विश्वास ठेवला, याचा विचार व्हायला हवा.

याहून वेदनादायक गोष्ट मैदानाबाहेर घडली. डोक्याला वारंवार बसलेल्या धक्क्यांमुळे स्मृतिभ्रंश झालेल्या माजी खेळाडूंना एनएफएलकडून भरपाई मिळणार होती. त्यासाठी बुद्धीची झीज किती झाली ते दाखवायचं. झीज मोजायला मूळ पातळी धरावी लागते, आणि ती कृष्णवर्णीयांसाठी गोऱ्यांपेक्षा खाली धरता येईल अशी गणिताची पद्धत वापरली गेली. परिणामी चाचणीत सारखेच गुण पडले तरी गोऱ्या खेळाडूची ‘झीज’ मानली जाई आणि कृष्णवर्णीय खेळाडूचं ‘त्याच्यासाठी हे नॉर्मल’ ठरे. केव्हिन हेन्री आणि नाजेह डेव्हनपोर्ट या दोन निवृत्त खेळाडूंनी २०२०मध्ये न्यायालयात धाव घेतली. पुढच्या वर्षी एनएफएलने ही पद्धत सोडण्याचं मान्य केलं, आणि फेरतपासणीत शेकडो जण मदतीला पात्र ठरले. स्काउटच्या वहीतली ‘डोकं कमी’ ही समजूत इथे वैद्यकीय सूत्र होऊन बसली होती.

हे वाचताना मराठी वाचकाला पालवणकर बाळू आठवल्याशिवाय राहणार नाहीत. पुण्याच्या जिमखान्यात खेळपट्टी राखणारा चर्मकार समाजातला हा डावखुरा फिरकीपटू. नेटमध्ये साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी टाकायची हे त्यांचं काम. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. पण हिंदू संघाचं नेतृत्व पालवणकर घराण्याकडे यायला १९२३ साल उजाडावं लागलं, आणि तेव्हाही ते आलं धाकट्या भावाकडे, विठ्ठलकडे. राबणारा हात हवा, पण निर्णय घेणारं डोकं दुसऱ्याचं, ही थप्पी आपल्या मैदानावरही लागलेली होती.

पुन्हा बफलोला येतो. १९६८मध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोजने मार्लिन ब्रिस्को या कृष्णवर्णीय खेळाडूला बचावपटू म्हणून घेतलं. त्याने अट घातली : सही करीन, पण आधी तीन दिवस क्वार्टरबॅक म्हणून चाचणी घ्या. हंगामात संघाचा क्वार्टरबॅक जखमी झाला, ब्रिस्कोला संधी मिळाली, आणि त्या पहिल्याच वर्षी त्याने १४ टचडाउन पास फेकले. पुढच्या वर्षी डेन्व्हरने त्याला त्या जागेसाठी पुन्हा विचारलंच नाही. तो बफलोला आला, चेंडू झेलायला शिकला, आणि १९७०मध्ये रिसीव्हर म्हणून प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला. डेन्व्हरच्या नवोदित क्वार्टरबॅकचा सर्वाधिक टचडाउन पासचा विक्रम मात्र २०२४पर्यंत त्याच्याच नावावर राहिला, त्या १४ फेकींचा.