ट्रिब्यूट व्हिडिओ की ट्रिब्यूट फिल्म? एकदा काय ते ठरवा

सांगलीत आम्ही काही जण मिळून लघुपटांची छोटी स्पर्धा घेतो. त्यात 'आवडत्या दिग्दर्शकाला मानवंदना' असा एक गट आहे, आणि दर वर्षी त्यात दोन वेगळ्या जातीचे जिन्नस एकाच पिशवीतून येतात. एक ट्रिब्यूट व्हिडिओ, दुसरी ट्रिब्यूट शॉर्ट फिल्म.

पहिला तुम्ही रोज बघता. दिग्दर्शकाच्याच सिनेमांतले तुकडे, खाली गाणं, शेवटी जन्म-मृत्यूची सालं. लांबी, कॉपीराइट वगैरे फरक आहेत, ते सोडा.

खरी गफलत पुढे आहे. व्हिडिओत फ्रेम दिग्दर्शकाची, तुमची फक्त निवड आणि कात्री. त्यामुळे त्याच्या शैलीच्या खुणा गोळा करून दाखवणं हेच तिथलं काम. सिनेमांवर व्हिडिओ-निबंध करणाऱ्या कोगोनाडानं २०१२मध्ये दिग्दर्शक स्टॅनली कुब्रिकचे शॉट ओळीनं लावले, प्रत्येकातल्या रेषा मधल्या एकाच बिंदूकडे धावणाऱ्या. निवेदनाचा शब्द नाही, तरी मुद्दा पोचतो.

शॉर्ट फिल्ममध्ये फ्रेम तुमची असते. तिथं नुसती खूण उचलली की नक्कल होते. ती खूण कशापायी आली, ते शोधावं लागतं. गेल्या खेपेला एका मुलानं जपानी दिग्दर्शक ओझूला मानवंदना म्हणून कॅमेरा फरशीवर ठेवला आणि आजोबांवर खालून रोखला. आजोबा चौकातल्या कटआउटसारखे दिसायला लागले. ओझूचा कॅमेरा खाली असतो हे खरं, पण तो समोर बघतो. शिवाय त्याची माणसं चटईवर बसणारी, म्हणून तो खाली; आणि ती उठून गेली तरी तो रिकाम्या जागेवर रेंगाळतो.

"आजोबा जेवायला कुठं बसतात?" मी विचारलं.

"खुर्चीवर. गुडघे धरलेत त्यांचे."

मग फरशीवर कशाला झोपलास, बाबा? कॅमेरा टेबलाच्या उंचीला लावला असता, आजोबा उठून गेल्यावर रिकाम्या खुर्चीवर चार सेकंद थांबला असतास, तर ओझू आपोआप आला असता. (आमच्या सांगलीचा आयर्विन पूल मधोमध धरून गुलाबी फिल्टर मारला की वेस अँडरसनचा सिनेमा होतो, असं समजणाऱ्यांबद्दल मी बोलतच नाही.)

व्हिडिओवाल्यांनीही फार खूश होऊ नये. शांतारामबापूंनी १९३७ साली 'कुंकू' पार्श्वसंगीताशिवाय केला. जे ऐकू येतं ते त्या घरातलं, त्या रस्त्यावरचं. त्याच्याच तुकड्यांखाली आमच्याकडे व्हायोलिनांचा पूर आला होता! ज्यांनी हट्टानं संगीत काढून टाकलं, त्यांना ते परत चिकटवून कसली मानवंदना?

यंदा अर्जात दोन वेगळे रकाने केलेत. शॉर्ट फिल्म असेल तर दिग्दर्शकाचं नाव पडद्यावर कुठंही नको, 'यांना समर्पित' अशी पाटीसुद्धा नको. नाव बंद पाकिटात द्यायचं. परीक्षक आधी ओळखतील, मग पाकीट फोडू.